बाळंतपणाची फाईल आणि कोलेस्टेरॉलचा अहवाल: तरुण स्त्रीने हृदयविकाराचा धोका कसा जोखावा

पाळी चालू असेपर्यंत बाईला हृदयविकार होत नाही, असा समज गोव्यातील शिकल्यासवरल्या घरांतही आढळतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा साधारण १० वर्षे उशिरा दिसू लागतो. मात्र मधुमेह, तंबाखू, उच्च रक्तदाब किंवा जन्मापासून वाढलेले कोलेस्टेरॉल असेल, तर हे संरक्षण पुष्कळसे निष्प्रभ होते. शिवाय रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चरबी साठण्याची क्रिया विशी-तिशीतच सुरू झालेली असू शकते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता पुढील क्रमाने स्वतःची तपासणी करून घ्यावी.

सुरुवात प्रयोगशाळेत नव्हे, घरात करावी. वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, अथवा आई किंवा बहीण हिला ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर तो धोक्याचा स्पष्ट संकेत मानला जातो. आपल्याकडे जुन्या मृत्यूंविषयी ‘अचानक गेले’, ‘झोपेतच गेले’ एवढेच सांगितले जाते. गणेशचवथीला मूळ घरी सगळे जमतात, तेव्हा थोरल्यांना कोण कोणत्या वयात आणि कशाने गेले, हे विचारून लिहून ठेवावे.

त्यानंतर बाळंतपणाची फाईल शोधून काढावी. या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती हीच असावी असे मला मनापासून वाटते. गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाऊ लागली असतील, म्हणजेच प्री-एक्लॅम्प्सिया झाला असेल, तर पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट होतो. गरोदरपणातील मधुमेह, मुदतीपूर्वी झालेली प्रसूती, पीसीओएस (संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) आणि चाळिशीच्या आत पाळी जाणे यांनीही तो वाढतो. पण बाळंतीण घरी येते, रक्तदाब उतरतो, फाईल कपाटात जाते आणि पुढे ज्या फिजिशियनकडे ती स्त्री जाते, त्यांना हा इतिहास कळतच नाही. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपण होऊन तो सांगावा आणि कागद दाखवावेत.

आता रक्ततपासणी. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पहिले लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल व इतर चरबीची तपासणी, वयाच्या १८ व्या वर्षीच करावे, आणि कुटुंबात लवकरच्या हृदयविकाराचा इतिहास असेल तर त्याही आधी. पहिल्या तपासणीसाठी उपाशी राहणे सहसा आवश्यक नसते; ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील चरबीचा एक प्रकार) ४०० च्या वर आले, तर उपाशीपोटी ती पुन्हा करावी लागते. गरोदरपणात कोलेस्टेरॉल नैसर्गिकरीत्याच वाढते, त्यामुळे त्या काळातील किंवा प्रसूतीनंतर लगेचचा आकडा पाहून घाबरू नये. याच वेळी रक्तदाब, साखर आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) तपासून घ्यावे, कारण थायरॉइड मंदावल्यानेही एलडीएल, म्हणजे अपायकारक कोलेस्टेरॉल, चढते. लायपोप्रोटीन (ए) या कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणाची तपासणी आयुष्यात एकदा केली तरी पुरते. तो घटक मुख्यतः आनुवंशिक असतो.

अहवाल हाती आल्यावर एकूण कोलेस्टेरॉलच्या ओळीवरच थांबू नये. समजा, एकूण १९०, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ३५ आणि ट्रायग्लिसराइड्स २२० आहेत (हे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). एकूण २०० च्या आत म्हणून हा अहवाल चांगला वाटेल. पण १९० मधून ३५ वजा केल्यावर उरणारे नॉन-एचडीएल (सर्व अपायकारक कोलेस्टेरॉल मिळून) १५५ होते, ते १३० च्या आत हवे, आणि स्त्रियांमध्ये एचडीएल ५० च्या खाली असणे हेही कमीच समजले जाते. पीसीओएस किंवा पोटाभोवती चरबी असलेल्या तरुणींमध्ये असेच चित्र वारंवार दिसते. एलडीएल शक्यतो १०० च्या आत असावे. ते १९० किंवा त्याहून अधिक असेल, तर आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीची शंका घ्यावी. सुमारे २५० जणांत एकाला ती असते आणि केवळ पथ्याने ती आटोक्यात येत नाही. अशा स्त्रीच्या भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करावी, कारण प्रत्येक अपत्याला तो दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के असते.

आहाराबाबत गोव्यात पहिला प्रश्न नारळाचाच येतो. खोबरेल तेलातील बहुतांश स्निग्धांश संपृक्त (सॅच्युरेटेड) असतो व तो एलडीएल वाढवतो, म्हणून रोजच्या फोडणीसाठी आणि तळणासाठी ते वापरू नये. हुमण (माशांची आमटी) बंद करण्याची गरज नाही, वाटणातले खोबरे मात्र कमी करावे आणि नारळाच्या रसाच्या सोलकढीऐवजी अधूनमधून बिननारळाची फुटी कडी करावी. बांगडा आणि तारले यांतील ओमेगा-३ उपयुक्त आहे, परंतु रव्यात घोळवून भरपूर तेलात तळल्यास त्याचा लाभ उणावतो. कोळंबीत कोलेस्टेरॉल असले तरी संपृक्त चरबी फार थोडी असते, त्यामुळे ती बहुतेकांनी बेताने खाण्यास हरकत नाही. बेकरीतील पॅटिस-खारी मात्र सोडावी. आळसांद्यांचे (चवळीचे) तोणाक, मूग, भेंडी यांतील विरघळणारा तंतू एलडीएल थोडे खाली आणतो. ट्रायग्लिसराइड्स जास्त असतील, तर ताटातील शीत (भात), साखर आणि मद्य कमी करावे. आठवड्याला किमान १५० मिनिटे दम लागेल असे चालावे, तंबाखू पूर्ण बंद करावा. धूम्रपान करणाऱ्या, पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रियांनी इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत.

डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) सुचवले, तर वय कमी आहे एवढ्याच कारणाने ते नाकारू नये. मूल हवे असेल, तर मात्र आधीच सांगावे, कारण गर्भधारणेचा विचार असताना ही गोळी सहसा थांबवली जाते. ती केव्हा थांबवायची हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. औषध सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांत पुन्हा तपासणी करावी.

छातीत दाब, धाप, मळमळ, घाम, जबडा किंवा पाठ दुखणे, विनाकारण गळून जाणे, यांपैकी काही अकस्मात सुरू झाल्यास पित्त समजून रात्र काढू नये. लगेच १०८ ला फोन करावा आणि ईसीजीचा आग्रह धरावा. तज्ज्ञ उपचारांची सोय बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आहे. पहिला ईसीजी ठीक निघाला, पण त्रास थांबला नाही, तर तो पुन्हा काढण्यास आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारी रक्ताची) तपासणी करण्यास सांगावे.