ड्राफ्टच्या तयारीत ‘गरज’ कशी वाचावी

अमेरिकन फुटबॉलमध्ये व्यावसायिक संघ दरवर्षी महाविद्यालयीन खेळाडूंना क्रमाने निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. अशा एका संघात मी लागलो तेव्हा माझ्याकडे महाविद्यालयीन सामन्यांच्या टेपा कापून स्काउटांना, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्यांना, लावून देण्याचे काम होते. खेळाडूवर अहवाल लिहायला मिळाला तो दुसऱ्या हंगामात, आणि पहिल्याच अहवालात मी तोंडघशी पडलो. संघाला लेफ्ट टॅकल हवा होता, म्हणजे उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पाठीमागून येणारा हल्ला अडवणारा खेळाडू. एका धिप्पाड मुलाची मी पानभर स्तुती केली, तेव्हा वरिष्ठांनी एवढेच विचारले, “थर्ड डाउनचे किती प्ले पाहिलेस?” प्ले म्हणजे एक चाल, आणि थर्ड डाउन म्हणजे 10 यार्ड पुढे जाण्याच्या चार संधींपैकी तिसरी; तेव्हा बहुधा चेंडू फेकावा लागतो आणि टॅकलचा कस लागतो. मी पाहिलेले बहुतेक प्ले त्याच्या संघाने एकतर्फी जिंकलेल्या सामन्यांतले होते.

तेव्हापासून मी आवाज बंद करून टेप पाहतो, आणि तीही मैदानावरचे 22 खेळाडू एकाच चौकटीत दाखवणारी, कारण दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. टॅकलच्या बाबतीत नजर आधी पायांवर ठेवावी. स्नॅप होताच, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू होताच, त्याची पहिली दोन पावले मागे कशी पडतात, कंबर घाईने बाहेरच्या बाजूला वळते का, आणि ती वळली की बचावपटू आतून निसटतो का, हे एकेक प्ले चार-पाच वेळा मागे नेल्याशिवाय कळत नाही. नंतर हात पाहावेत. ते उशिरा आणि रुंद पडत असतील, तर होल्डिंगचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्याचा, दंड ठरलेलाच.

इंडियानापोलिसच्या कम्बाइनमधले, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांमधले, आकडे मी त्यानंतरच उघडतो. टॅकल ऑर्लँडो ब्राउन 2018 मध्ये तेथे 40 यार्ड 5.85 सेकंदांत धावला, 225 पौंडांचे वजन त्याने फक्त 14 वेळा उचलले आणि तो तिसऱ्या फेरीत 83 व्या क्रमांकापर्यंत घसरला. बाल्टिमोरच्या संघाने त्याला घेतले आणि दुसऱ्याच हंगामात तो प्रो बोलला, म्हणजे निवडक उत्तम खेळाडूंच्या सामन्याला, निवडला गेला. (टॅकलला सामन्यात सलग 40 यार्ड धावण्याची वेळ कितीदा येते, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.)

आता संघाच्या गरजेविषयी. नवखे लोक आजच्या यादीतली रिकामी जागा मोजतात. पण ड्राफ्टमधल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो, पहिल्या फेरीतल्यासाठी पाचव्या वर्षाचा पर्यायही संघाच्या हाती असतो. म्हणून पुढच्या दोन वर्षांत कोणाचे करार संपतात, कोणाचे वय झाले आहे, हा तक्ता शेजारी ठेवूनच अहवाल लिहावा. ग्रीन बेच्या संघाने 2005 मध्ये क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह खेळत असतानाच 24 व्या क्रमांकावर अॅरन रॉजर्सला घेतले आणि तो नियमित क्वार्टरबॅक झाला 2008 मध्ये. 2005 च्या एप्रिलमध्ये, ड्राफ्टवेळी, ती जागा कागदावर भरलेलीच होती.

माझ्या अहवालाची शेवटची ओळ आता ठरलेली असते: हा मुलगा आपल्याकडे कोणाच्या जागी, आणि कोणत्या हंगामात खेळेल. वरिष्ठ पान उलटून आधी तीच वाचतात, आणि ती कोरी असेल तर बाकीचे न वाचता अहवाल परत करतात.