लेन्स बदलण्याआधी मोटर मोजा

सीडी प्लेअर डिस्क घेईना झाला की खापर आधी लेन्सवर फुटतं. नवा पिकअप (लेन्स आणि लेझरचा जोड) बसवूनही डिस्क अडखळत राहते. मी पिकअपला हात लावण्याआधी मल्टिमीटर काढतो.

डिस्क आतून कडेकडे वाजत जाते; आतल्या बाजूला मिनिटाला साधारण 500 फेरे फिरते, कडेला 200च्या आसपास. म्हणून सुरुवातीची गाणी अडकतात आणि शेवटची नीट वाजतात, तेव्हा मला स्पिंडल मोटरचा, म्हणजे डिस्क फिरवणाऱ्या मोटरचा, संशय येतो.

वीज बंद करून मोटरची एक वायर सोडवा आणि मीटर 200 ओहमवर ठेवा. शाफ्ट थोडा फिरवा, थांबवा, मग आकडा वाचा. फिरवता फिरवता वाचू नका, कारण फिरणारी मोटर स्वतःच वीज तयार करते आणि मीटर काहीही दाखवतो. चांगल्या छोट्या मोटरचा आकडा बहुधा 10 ते 20 ओहमच्या घरात असतो आणि सगळीकडे जवळपास सारखा येतो. मध्येच शेकड्यांत गेला तर तिथे ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारी पट्टी, टेकत नाही. एक-दोन ओहमवर कोसळला तर कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या तुकड्यांच्या) फटीत काजळी भरली आहे.

काजळी असेल तर डिस्क न लावता, वायर सोडवलेलीच ठेवून, मोटर बाहेरून चार-पाच व्होल्टवर दोन्ही दिशांना काही मिनिटं पळवा. बरेचदा जीव येतो, पण किती दिवस टिकेल याची खात्री मी कुणाला देत नाही. कुरकुर असेल तर शाफ्ट ज्यात फिरतो त्या बुशला पातळ मशीन ऑइलचा एकच थेंब. तेल ब्रशवर गेलं तर संपलंच.

ब्रश झिजले असतील तर सरळ नवी मोटर. जुन्या मोटरवरची, डिस्क जिच्यावर बसते ती चकती काढण्याआधी तिची उंची व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. ती चुकली तर डिस्क घासते किंवा फोकस लागत नाही. नव्या शाफ्टवर चकती दाबताना मागून शाफ्टच्या टोकाला आधार द्या, नाहीतर मागचं झाकण निघून येतं.

टेपचं गणित वेगळं. गाणं रडायला लागलं की आधी बेल्ट, कॅप्स्टन (टेप ओढणारा बारीक दांडा) आणि टेप त्यावर दाबणारा रबरी पिंच रोलर पाहा. तेवढ्यावर भागलं तर मोटर उघडायचीच नाही. बहुतेक डेकच्या मोटरमध्ये वेग सांभाळणारं सर्किट आतच असतं. तिथे ओहम मोजून काही कळत नाही आणि उलटी वीज दिली तर सर्किट जळू शकतं. चालू डेकमध्ये मोटरच्या टोकांवरचं व्होल्टेज पाहा: ते स्थिर आणि बेल्ट काढूनही वेग डोलतोय, तर दोष मोटरचाच.

नवी घेताना व्होल्ट, फेरे आणि फिरण्याची दिशा जुळवा, पुली जुनीच चढवा. मागच्या भोकातला स्क्रू वेगाचा. पंधरा मिनिटं टेप चालवून मोटर तापू द्या, मग 3000 हर्ट्झची टेस्ट कॅसेट लावून फ्रिक्वेन्सी मीटरवर तोच आकडा येईपर्यंत प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने तो स्क्रू जुळवा.