डेरा, रवी आणि दोर: जुन्या पद्धतीने ताक घुसळताना

यादवांची राजधानी सिन्नरला होती त्या काळापासून कुणब्याच्या घरातलं ताकाचं सामान एवढंच: मातीचा डेरा, लाकडी रवी, दोर आणि घुसळखांब. यात लोखंड कुठेच नाही, आणि ते बरंच आहे. आंबट ताकाला लोखंड लागलं की चव बिघडते.

नवा डेरा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर कोरडी माती पहिल्याच दह्याचं पाणी पिते. बूड गोल असतं, म्हणून चुंबळीवर (कापडाच्या किंवा गवताच्या गोल वळ्यावर) घट्ट बसवा. दही निम्म्यापर्यंतच घाला; फेस चढला की जागा लागते.

रवी खांबाला दोन कड्यांत अडकवायची: एक डेऱ्याच्या तोंडाच्या जरा वर, दुसरी तिच्याहून हातभर वर. रवीचं बोंड, म्हणजे खालचं खाचांचं टोक, तळापासून दोन बोटं उचललेलं हवं. टेकलं तर तळ खरवडतो आणि ताकात कचकच येते.

खरी गोम दोरात आहे. दोन कड्यांच्या मधोमध दांड्याला अडीच-तीन वेढे द्या. कमी दिले तर दोर नुसता घसरतो, जास्त दिले तर वेढे एकमेकांवर चढून अडकतात. एक हात ओढताना दुसऱ्याने सैल सोडा, पण पार ढिला नको. घसरायला लागला तर दोराला पाण्याचा हात लावा.

लोणी येत नसेल तर जोर वाढवू नका, दह्याला हात लावून बघा. निफाडकडच्या थंडीत दही गारठून स्निग्धांशाचे कण कडक होतात, एकमेकांना चिकटतच नाहीत. थोडं कोमट पाणी घाला. एप्रिल-मेमध्ये उलट: लोणी पातळ होऊन ताकातच राहतं, म्हणून पहाटेच घुसळा आणि माठातलं गार पाणी वापरा. साधारण २० ते २२ अंशांना काम सोपं जातं.

आधी फेस येतो, मग घुसळण जड होते, आणि एकदम आवाज बदलतो, खळखळ ऐकू येते. दांड्यावर राळ्याच्या बारीक दाण्याएवढे कण दिसले की थांबा. गार पाण्याचा शिपका मारून रवी दोन-चार वेळा हळू फिरवली की गोळा वर येतो. पुढे घुसळत राहिलात तर लोण्यात ताक कोंडतं. गोळा पाणी नितळ येईपर्यंत धुवा, नाहीतर कढवताना बेरी, म्हणजे तुपाखालचा गाळ, फार निघते.

डेऱ्याला साबण लावायचा नाही, तो मातीत मुरतो. राखेने घासा, कढत पाणी फिरवा, उन्हात पालथा न घालता तोंड वर करून वाळवा. रवीच्या खाचा काडीने कोरून काढा. कुबट वास बहुतेक वेळा तिथूनच येतो.