मालदीवमध्ये लग्नाचा वाढदिवस: तीन रात्रींची ऑल-इन्क्लुसिव्ह सहल कशी आखावी

तीन रात्री, चार दिवस म्हणून जे पॅकेज विकलं जातं, त्यातले बेटावर हाती लागतात सत्तरच्या आसपास तास. विमानाची वेळ चुकीची निवडली की ते पन्नासवर येतात, आणि पैसे मात्र पूर्ण तीन रात्रींचे जातात. म्हणून या सहलीत आधी तासांचा हिशेब करा, मग रुपयांचा.

आधी विमान ठरवा, मग बेट

बहुतेक जोडपी फोटो बघून रिसॉर्ट ठरवतात आणि नंतर तिकीट शोधतात. हा क्रम उलटा करा. मुंबईहून मालदीवची राजधानी मालेला थेट विमान तीन तासांच्या आत पोहोचतं. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडच्यांनी मुंबई गाठून थेट विमान घेतलेलं बरं. मध्ये विमान बदललं की पहिला दिवस विमानतळावरच सरतो.

विमान उतरतं ते हुलुले बेटावरच्या वेलाना विमानतळावर. तिथून पुढे दोन मुख्य रस्ते आहेत, स्पीडबोट आणि सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. साधारण दुपारी साडेतीनच्या आत तुमचं विमान उतरलं तरच त्या दिवशीची सीप्लेन मिळेल असं धरा. त्यानंतर उतरलात तर ती रात्र मालेत, स्वतःच्या खर्चाने. वेळेत उतरलात तरी दोन-तीन बेटांचे प्रवासी एकत्र होईपर्यंत तासभर, कधी दोन-तीन तास थांबावं लागतं. परतीच्या सीप्लेनची वेळ आदल्या संध्याकाळी कळते आणि ती तुमच्या विमानाच्या चार तास आधीचीही असू शकते. भाडं माणशी जाऊन-येऊन चार-पाचशे डॉलर सहज होतं. सामानाची मर्यादा साधारण २० किलो आणि हातातली पिशवी ५ किलो. वरच्या किलोचे पैसे वेगळे.

स्पीडबोटीची रिसॉर्ट उत्तर आणि दक्षिण माले अ‍ॅटॉलमध्ये (अ‍ॅटॉल म्हणजे कंकणाकृती प्रवाळबेटांचा समूह) आहेत, विमानतळापासून पाऊण-एक तासाच्या आत, काही तर पंधरा-वीस मिनिटांवर. बोट रात्रीही सुटते. आमचं स्पष्ट मत असं: तीन रात्रींसाठी स्पीडबोटीचंच रिसॉर्ट घ्या. निळ्या पाण्यातली ती कंकणाकृती बेटं वरून बघायचीच असतील, तर चार-पाच रात्री काढा आणि मग सीप्लेनने जा. (अ‍ॅटॉल हा शब्दच मुळात मालदीवच्या दिवेही भाषेतून जगभर गेलेला आहे.)

बोट लागण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या आणि ती बोटीत बसण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्या. पोटात ढवळू लागल्यावर घेतलेली गोळी उपयोगाची नसते. बसायची जागा मागची. पुढच्या बाकावर प्रत्येक लाटेचा दणका पाठीला बसतो.

आणि एक घड्याळाची गोष्ट. मालदीवची वेळ भारतापेक्षा अर्धा तास मागे आहे. पण कितीतरी रिसॉर्ट संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून स्वतःचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात. परतीची बोट ‘नऊला’ म्हणजे कुठल्या नऊला, हे पोहोचल्याबरोबर विचारून घ्या. विमान चुकण्याचं हे अगदी साधं कारण आहे. फोन आपोआप मालेची वेळ दाखवत राहतो.

‘सगळं समाविष्ट’ म्हणजे नेमकं काय

हाफ बोर्डमध्ये नाश्ता आणि रात्रीचं जेवण येतं, फुल बोर्डमध्ये तिन्ही जेवणं. या दोन्हींत पेयं सहसा धरलेली नसतात, काही ठिकाणी जेवताना मागवलेली पाण्याची बाटलीसुद्धा बिलावर चढते. ऑल-इन्क्लुसिव्हमध्ये बुफे, यादीतली दारू, बिअर, कॉकटेल, चहा-कॉफी, सरबतं आणि बहुधा स्नॉर्कलिंगचं, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत मासे बघण्याचं साहित्य येतं. त्याच्या वर ‘प्रीमियम’ वगैरे नावांचे प्लॅन असतात. त्यांत नावाजलेल्या ब्रँडची दारू, बुफेखेरीज इतर रेस्टॉरंट, खोलीतल्या फ्रिजमधली पेयं, एखादी बोटसफर असं काही वाढतं. या नावांना ठरलेली व्याख्या नाही. एका रिसॉर्टचा साधा प्लॅन दुसऱ्याच्या प्रीमियमपेक्षा भरलेला असू शकतो.

लॉबस्टर, स्पा, जेट स्कीसारखे इंजिनाचे खेळ, स्कूबा (पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली बुडी) आणि किनाऱ्यावरचं खासगी जेवण जवळपास सगळीकडे वेगळं असतं. म्हणून पैसे भरण्याआधी रिसॉर्टला ईमेल करून चार गोष्टी लेखी घ्या. प्लॅन कुठल्या वेळेला सुरू होतो आणि कुठल्या वेळेला संपतो? खोली सोडल्यानंतर बोटीची वाट पाहताना जेवण-पेय चालू राहतं का? बुफेशिवाय कुठल्या रेस्टॉरंटमध्ये किती वेळा जाता येतं? बोटीचं भाडं आणि ग्रीन टॅक्स (पर्यटकाकडून दर रात्रीमागे घेतला जाणारा सरकारी कर) किमतीत आहे का? फोनवर मिळालेलं उत्तर काउंटरवर कोणी मानत नाही. ईमेलची छापील प्रत मानतात.

दारू न पिणाऱ्या जोडप्याने ऑल-इन्क्लुसिव्ह प्लॅन घ्यावा का? किमतीतला मोठा भाग पेयांचाच असतो. दोघंही घेत नसाल तर फुल बोर्ड घेऊन सरबतांचे, कॉफीचे पैसे वेगळे भरणं बहुधा स्वस्त पडतं. मात्र बेटावर दुसरं दुकान नसतं, तेव्हा दोन्ही आकडे मांडून बघाच.

दोन अधिक चिन्हांचं गणित

मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली की समजा, त्यावर १० टक्के सेवा शुल्क आणि मग त्या बेरजेवर पर्यटन जीएसटी लागणार. हा कर १ जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. किनाऱ्यावरचं जेवण १५० डॉलर लिहिलंय असं धरा. त्यात १५ मिळवले की १६५. त्यावर १७ टक्के म्हणजे २८.०५. द्यायचे १९३.०५. सोपं सूत्र असं, की छापील किमतीला १.२८७ ने गुणा.

ग्रीन टॅक्स याहून वेगळा. रिसॉर्टमध्ये १ जानेवारी २०२५ पासून तो माणशी दर रात्री १२ डॉलर आहे, म्हणजे दोघांचे तीन रात्रींचे ७२ डॉलर.

निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू करा. भारतीय कार्डांवर तो मुळात बंद असतो. मशीनने ‘रुपयात भरायचं की डॉलरमध्ये’ असं विचारलं तर डॉलर निवडा, कारण रुपयाचा तिथला दर नेहमी महाग लावलेला असतो. टिपसाठी एक आणि पाच डॉलरच्या नोटा मुंबईतूनच न्या.

तारीख सरकवायची का?

आपल्याकडे लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि चातुर्मास लागला की थांबतात. त्यामुळे लग्नाचे वाढदिवस साधारण दोन हंगामांत येतात, एक हिवाळ्याचा आणि दुसरा एप्रिल ते जूनचा.

डिसेंबर ते एप्रिल हा मालदीवचा कोरडा हंगाम, त्यातही फेब्रुवारी-मार्चला समुद्र शांत आणि पाणी नितळ. नाताळ ते नववर्षाचे दिवस सर्वांत महाग असतात, आणि २४ व ३१ डिसेंबरच्या रात्रीचं खास जेवण बऱ्याच ठिकाणी सक्तीचं असतं, त्याचे पैसे ऑल-इन्क्लुसिव्हवरही वेगळे घेतात. वाढदिवस त्या आठवड्यात येत असेल तर तीन आठवडे पुढे ढकला, खरोखर.

मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा काळ. दर बरेच उतरतात. पाऊस कधी तासाभरात उघडतो, कधी दोन दिवस लागून राहतो, आणि तीन रात्रींच्या सहलीत दोन दिवस म्हणजे जवळजवळ सगळी सहल. या काळात जायचंच तर बेटाच्या पूर्वेकडची खोली मागा, पश्चिमेच्या बाजूला वारा आणि लाटा जास्त असतात.

खोलीबद्दल आणखी दोन शब्द. ‘दोन रात्री किनाऱ्यावर आणि एक पाण्यावरच्या व्हिलात’ ही वाटणी छोट्या सहलीत करू नका. एक खोली दुपारी बाराला सोडायची, दुसरी दोन-तीनला मिळणार, मधला वेळ सामान बांधण्यात आणि वाट पाहण्यात जातो. सूर्यास्ताच्या बाजूची खोली महाग असते आणि दुपारी तिचा गच्चीवजा ओटा तापून निघतो. सूर्योदयाची खोली घ्या, सूर्यास्त किनाऱ्यावर चालत जाऊन बघा. विचारायचंच असेल तर हे विचारा: प्रवाळाचा कठडा, म्हणजे हाउस रीफ, किनाऱ्यापासून किती अंतरावर आहे? तो पोहत जाण्याजोगा जवळ असेल तर मासे बघायला रोज बोटीचे पैसे मोजावे लागत नाहीत.

बॅगेत काय, घरी काय

भारतीयांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि रिसॉर्टचं बुकिंग छापून ठेवा. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक असलेली बरी. ‘इमूगा’ हा मालदीव सरकारचा प्रवाशांसाठीचा ऑनलाइन फॉर्म प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा, जाताना एकदा आणि परतताना पुन्हा. तो मोफत आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही.

दारू, डुकराच्या मांसाचे पदार्थ, ई-सिगारेट आणि पूजेच्या मूर्ती देशात नेता येत नाहीत. मुंबईच्या ड्यूटी-फ्रीमधली बाटली माले विमानतळावर काढून ठेवतात. प्रवासात गणपतीची छोटी मूर्ती जवळ ठेवायची सवय असेल तर या वेळी ती देव्हाऱ्यातच राहू द्या.

प्लगसाठी तीन चपट्या पिनांचा अ‍ॅडॉप्टर, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह औषधं, डासांचं मलम आणि पाठ-खांदे झाकणारा पूर्ण बाह्यांचा पोहायचा शर्ट न्या. हा शर्ट सर्वांत महत्त्वाचा. स्नॉर्कलिंग करताना तोंड पाण्यात आणि पाठ विषुववृत्ताजवळच्या उन्हात असते, पाणी गार असल्याने भाजलेलं कळत नाही, आणि रात्री अंथरुणावर पाठ टेकवत नाही. सनस्क्रीन पाण्यात उतरण्याच्या वीस मिनिटं आधी लावा. मानेचा मागचा भाग आणि गुडघ्यांची मागची बाजू हमखास राहून जाते.

पाण्यात उतरताना

पोहता येत नाही म्हणून किनाऱ्यावर बसून राहू नका. लाइफ जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात आधी श्वासाची सवय करा, दहा मिनिटं पुरतात. मास्क मात्र निवडून घ्या. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. खाली पडला तर दुसरा मागा, पट्टा आवळून गळती थांबत नाही. कडेखाली केसांची एक बट जरी अडकली तरी पाणी येतं. मिशीमुळे गळत असेल तर ओठावर थोडं व्हॅसलीन लावा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून पाण्याने हलकेच विसळा.

उतरण्याआधी तिथल्या माणसाला आज प्रवाह कुठल्या दिशेने आहे ते विचारा. जाताना प्रवाहाविरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर परत येताना पाणीच मदत करतं. प्रवाळावर पाय ठेवू नका, ते जिवंत असतं आणि पायही कापतो. प्रवाळाचे तुकडे सोबत आणायला बंदी आहे. जेवताना बिअर घेतली असेल तर त्या दुपारी पाण्यात जाऊ नका.

स्कूबा करायचं असेल तर दुसऱ्याच दिवशी उरका. डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी १८ ते २४ तास जाऊ द्यावे लागतात, आणि सीप्लेनही विमानच आहे.

शाकाहारी ताट

बुकिंगच्या वेळीच ‘मासे, मांस, अंडं नाही, फिश सॉस, ऑयस्टर सॉस नाही’ असं सविस्तर लिहा. नुसतं ‘व्हेज’ लिहून भागत नाही. मालदीवच्या स्वयंपाकात सुकवलेला ट्यूना सगळीकडे असतो. नाश्त्याचं मस हुनी खोबऱ्याच्या चटणीसारखं दिसतं, पण त्यात ट्यूना असतो. पोहोचल्यावर मुख्य शेफला एकदा भेटा. डाळ, भाजी, पोळी बहुतेक ठिकाणी करून देतात. उपवास असेल तर राजगिऱ्याचे लाडू आणि भाजलेले शेंगदाणे घरून न्या.

वाढदिवसाची संध्याकाळ

केक, खोलीची सजावट, एखादी स्पार्कलिंग वाइन हे लाभ आपोआप मिळत नाहीत. काही रिसॉर्ट विवाह नोंदणीचा दाखला मागतात, काही फक्त पाच, दहा, पंचवीस अशा वर्षांनाच देतात, काहींची किमान रात्रींची अट असते. निघण्याच्या आठवडाभर आधी दाखल्याची प्रत जोडून ईमेल करा, आणि केक अंड्याविना हवा असेल तर त्याच ईमेलमध्ये लिहा.

किनाऱ्यावरचं जेवण दुसऱ्या रात्री ठेवा. पाऊस किंवा वारा आला तर तिसरी रात्र हाताशी राहते. शेवटच्या रात्रीचं रद्द झालं की झालंच. सूर्यास्त तिथे वर्षभर मालेच्या घड्याळाने सहाच्या आसपास होतो. टेबलावर त्याच्या अर्धा तास आधी बसा, म्हणजे चेहऱ्यावर उजेड असताना फोटो निघतात आणि अंधार पडताना सूप येतं.

तिसऱ्या रात्री जेवणानंतर काउंटरवर जाऊन बिलाची प्रत मागा आणि ती ईमेलसोबत ओळ-ओळ ताडून बघा. सकाळी बोट सुटताना दहा जोडपी रांगेत असतात, तेव्हा चुकीने चढलेली कॉफी कमी करायला कोणाकडेच वेळ नसतो.