एडीसीची ड्यूटी: कार्यक्रमाच्या आधी आणि ऐन वेळी

राष्ट्रप्रमुखाच्या एडीसीचं (एड-डी-कॅम्प, म्हणजे सोबत राहणारा लष्करी सहायक अधिकारी) निम्मं काम आदल्या दिवशीच उरकलेलं असायला हवं. कार्यक्रमाची जागा पायी फिरून बघा: गाडी थांबते तिथून मंचापर्यंत किती पावलं, पायऱ्या किती, दार कुठल्या बाजूला उघडतं. वेळ मोजायचा तो राष्ट्रप्रमुखाच्या चालीनं, तुमच्या नाही. वेळापत्रक बहुधा इथंच कोलमडतं.

खांद्यावरची सोनेरी दोरी, म्हणजे एग्विलेट, अनेक सैन्यांत राष्ट्रप्रमुखाचा एडीसी उजवीकडे लावतो, बाकीच्यांचे एडीसी डावीकडे. जवळ हवं चालणारं पेन, पाहुण्यांच्या नावांचं तळहाताएवढं कार्ड आणि भाषणाची जादा प्रत. ती मोठ्या अक्षरांत, पानांना क्रमांक घातलेली. पिन मारू नका. पान उलटताना अडकतं आणि माइकवर खरखर ऐकू येते.

चालताना राष्ट्रप्रमुखाच्या एक-दोन पावलं मागे, किंचित बाजूला राहा. अगदी पाठीमागे राहिलात, तर ते अचानक थांबल्यावर धडकाल. पाहुण्याचं नाव आणि हुद्दा हस्तांदोलनाच्या आधी, हळू आवाजात सांगा. भेटवस्तू लगेच ताब्यात घ्या आणि देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी तिथल्या तिथं चिकटवा. रात्री सगळ्या पेट्या सारख्याच दिसतात.