वस्ती समिती आणि झोन कार्यालय : या चुका टाळा

पाणी, गडरलाईन, कचरा आणि पथदिवे यांच्या बाबतीत रहिवाशांचे म्हणणे ऐकले जावे म्हणून नागपुरातील अनेक ले-आउटमध्ये, म्हणजे भूखंड पाडून वसवलेल्या वस्त्यांमध्ये, समित्या उभ्या राहतात. परंतु खर्चाचा निर्णय जिथे होतो तिथपर्यंत त्या पोहोचत नाहीत, आणि वर्षानुवर्षे निवेदनेच देत राहतात.

पहिली चूक म्हणजे महापालिकेच्या प्रभाग समितीला केवळ तक्रारपेटी समजणे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीतून आलेल्या या समित्या नागपुरात दहा झोननिहाय काम करतात. आपल्या भागातील कामांच्या खर्चाच्या अंदाजांवर शिफारस करण्याचा अधिकार त्यांना आहे, आणि मान्यताप्राप्त स्वयंसेवी व वस्तीपातळीवरील संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी त्यांवर नामनिर्देशित करता येतात. या जागांसाठी आपल्या संस्थेचे नाव पुढे करणे शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षा अधिक उपयोगाचे आहे, असे मला ठामपणे वाटते.

दुसरी चूक वेळेची आहे. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी तुंबले की सगळे धावतात, पण आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होत असल्याने त्या कामाची मागणी आदल्या दिवाळीच्या सुमारास, मोजमाप आणि छायाचित्रांसह झोन कार्यालयात पोहोचलेली असावी लागते.

तिसरी चूक आम्ही स्वतः केली, आणि ती सर्वांत महागात पडली. एका सकाळी कनिष्ठ अभियंता आमच्यासोबत गल्लीभर फिरले. कामगाराने सब्बलीने चेंबरचे झाकण उचलले तेव्हा आत गाळ काठोकाठ होता आणि पुढच्या चेंबरकडे पाणी सरकतच नव्हते. उतारच चुकला असल्याचे त्यांनी तिथेच मान्य केले. आम्ही समाधानाने चहा पाजला, पण पाहणीचे टिपण लिहून त्यावर कोणाचीही सही घेतली नाही. पुढे त्यांची बदली झाली, आणि नव्या अधिकाऱ्यांसमोर आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. आता पाहणी संपताच चेंबरची जागा, आढळलेला दोष आणि ठरलेली मुदत आम्ही कागदावर उतरवतो आणि आवक-जावक विभागात देऊन पोच घेतो.

दार चुकणे हीही नेहमीची गोष्ट आहे. ले-आउट महापालिकेकडे हस्तांतरित झाले आहे की १९३६ पासूनच्या नागपूर सुधार प्रन्यास या शहरविकास संस्थेकडेच आहे, हे आधी तपासावे. नाहीतर अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरत राहतो. खात्री होत नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

शेवटची चूक समितीच्या आतलीच आहे. बैठक संध्याकाळी सात वाजता ठेवली की स्वयंपाकात गुंतलेल्या बाया येत नाहीत, आणि नळाला पाणी किती वाजता येते, किती दाबाने येते, हे तर त्यांनाच नेमके ठाऊक असते. आम्ही बैठक रविवारी सकाळी अकराला नेली, आणि पहिल्याच दिवशी एका काकूंनी नळाच्या वेळा लिहिलेली वही समोर ठेवली.