इंग्रजी लिहिताना मराठी आडवी येते तेव्हा : उपपदे, उभयान्वयी आणि शब्दयोगी अव्यये

इंग्रजीत अर्ज, ई-मेल किंवा अहवाल लिहिणाऱ्या मराठी माणसाचा शब्दसंग्रह बहुधा पुरेसा असतो आणि स्पेलिंगच्या चुका संगणक दाखवून देतो. तरीही मजकूर कुठेतरी खटकत राहतो, आणि बारकाईने पाहिले तर दोष ‘अ’, ‘द’, ‘इन’, ‘फॉर’, ‘बट’ अशा चिमूटभर शब्दांत सापडतो. या चुका वाटेल तशा होत नाहीत. जवळजवळ प्रत्येक चुकीच्या मागे एक पूर्णपणे शुद्ध मराठी वाक्य उभे असते आणि ते वाक्य ओळखता आले की चूक कुठे होणार हे आधीच कळते. म्हणून येथे नियमांची यादी न देता मराठीतल्या कोणत्या सवयी इंग्रजीत आडव्या येतात आणि त्यांना कसे वळवावे, हे सांगितले आहे.

पहिली गोष्ट उपपदांची, म्हणजे ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ या शब्दांची. मराठीत उपपद नसले तरी उपपदाचे काम मराठी वेगळ्या मार्गाने करते. ‘आम्ही मुलगी पाहिली’ आणि ‘आम्ही मुलीला पाहिले’ या दोन वाक्यांतला फरक कोणाही मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही : पहिल्यात स्थळ पाहण्याचा कार्यक्रम झाला, दुसऱ्यात आधीच ठाऊक असलेली मुलगी दिसली. निश्चित आणि अनिश्चित यांतला हा भेद आपल्याला उपजत कळतो. फक्त तो इंग्रजीत स्वतंत्र शब्दाने दाखवायचा असतो, हे लिहिताना विसरले जाते.

त्यासाठी आधी एक कडक नियम मनात ठेवावा. मोजता येणारे एकवचनी सामान्यनाम इंग्रजीत सहसा उघडे उभे राहत नाही; त्याच्या आधी ‘अ’, ‘ॲन’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’ यांपैकी काहीतरी असावेच लागते. ‘माय फादर इज टीचर’ हे वाक्य एवढ्या एका नियमाने पकडले जाते. ‘माझे वडील शिक्षक आहेत’ या मराठी वाक्यात ‘एक’ म्हणण्याची गरज नसते, इंग्रजीत मात्र ‘अ टीचर’ म्हणावेच लागते. एरवी कोणते उपपद घ्यावे याची शंका आली तर मराठी वाक्यात त्या नामाआधी ‘एखादा’ किंवा ‘कोणी एक’ घालून पाहावे आणि मग ‘तो’ किंवा ‘आपण बोलत होतो तो’ घालून पाहावे. पहिले बसले तर ‘अ’, दुसरे बसले तर ‘द’. ही कसोटी सर्वत्र चालत नाही, कारण सूर्याला आपण ‘तो सूर्य’ म्हणत नाही आणि तरीही इंग्रजीत ‘द सन’ लागतो. पण रोजच्या पत्रव्यवहारातली बरीच वाक्ये तिने सुटतात.

‘अ’ की ‘ॲन’ या प्रश्नात मात्र मराठी माणसाला चक्क फायदा आहे. नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे आणि उच्चाराप्रमाणे लिहिणारी देवनागरी आपल्या हाताशी आहे. शब्द देवनागरीत लिहून पाहावा : स्वराने सुरू झाला तर ‘ॲन’, व्यंजनाने झाला तर ‘अ’. ‘युनिव्हर्सिटी’ य ने सुरू होते म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘अवर’ अ ने सुरू होतो म्हणून ‘ॲन अवर’. ‘वन-रुपी कॉइन’ व ने सुरू होते म्हणून ‘अ’. आद्याक्षरांतही हेच : ‘ॲन एफआयआर’, ‘ॲन एमपीएससी कँडिडेट’, पण ‘अ यूपीएससी कँडिडेट’. एका ठिकाणी ही युक्ती फसते. वर्ष या अर्थाचा शब्द आपण ‘इयर’ असा लिहितो, पण त्याचा इंग्रजी उच्चार य ने सुरू होतो, म्हणून ‘अ इयर’ हेच बरोबर. उलट, एमएलएचा उच्चार ‘येमेले’ असा करण्याची सवय असलेल्यांनी आधी उच्चार सुधारावा. उपपद आपोआप सुधारेल.

विशेषनामांआधी सहसा उपपद नसते, परंतु नद्या, समुद्र आणि पर्वतरांगा यांना ‘द’ लागतो आणि एकट्या शिखराला लागत नाही. त्यामुळे ‘द गोदावरी’, ‘द अरेबियन सी’, ‘द सह्याद्रीज’ असे लिहावे, पण त्याच सह्याद्रीतले 1646 मीटर उंचीचे शिखर नुसते ‘कळसूबाई’ असते. भाषेचे नाव एकटे आले तर ‘मराठी’, पुढे ‘लँग्वेज’ आले तर ‘द मराठी लँग्वेज’. आपण ‘एक बातमी आहे’, ‘एक सल्ला देतो’ असे बिनदिक्कत म्हणतो, पण इंग्रजीत ‘न्यूज’ आणि ‘ॲडव्हाइस’ ही मोजता न येणारी नामे असल्याने ‘ॲन ॲडव्हाइस’ चूक ठरते. तेथे ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ किंवा ‘सम ॲडव्हाइस’ म्हणावे लागते.

उभयान्वयी अव्ययांत घोटाळा होतो तो मराठीला जोड्या आवडतात म्हणून. ‘जरी–तरी’, ‘जर–तर’, ‘जेव्हा–तेव्हा’, ‘जोपर्यंत–तोपर्यंत’ अशा जोडीने मराठी वाक्य तोलून धरते, आणि जोडीतला दुसरा शब्द गाळला तर कानाला लंगडे वाटते. इंग्रजीला मात्र दोन वाक्ये जोडायला बहुधा एकच सांधा पुरतो. ‘जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो’ याचे ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’ असे भाषांतर करणाऱ्याने दोन सांधे वापरलेले असतात. ‘ऑल्दो’ ठेवायचे तर ‘बट’ काढावे, ‘बट’ ठेवायचे तर ‘ऑल्दो’ काढावे. जुन्या वळणाच्या इंग्रजीत ‘ऑल्दो’बरोबर ‘येट’ आढळते, पण त्याच्या वाटेला न जाणे बरे. ‘बिकॉज’ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे ‘सो’ किंवा ‘दॅट्स व्हाय’ येणे हीही याच जातीची चूक. ‘समजा जर’ या सवयीतून येणारे ‘सपोज इफ’ तसेच. दोहोंपैकी एक पुरे.

‘जोपर्यंत’ या शब्दात आणखी एक सापळा आहे. ‘तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबेन’ या वाक्यात मराठी नकार वापरते, म्हणून आपण ‘आय विल वेट अंटिल यू डोन्ट कम’ असे लिहून बसतो. इंग्रजीत ‘अंटिल’ क्रिया घडण्याच्या क्षणाकडे बोट दाखवते, न घडण्याच्या काळाकडे नाही. त्यामुळे नकार गळतो आणि ‘आय विल वेट अंटिल यू कम’ एवढेच उरते. ‘अनलेस’मध्ये तर ‘नाही’ आतच दडलेले आहे, म्हणून ‘अनलेस यू डोन्ट पे’ असे लिहिणारा पैसे न देणाऱ्यालाच सवलत देऊन टाकतो.

शाळेतल्या परीक्षेत हमखास येणारे ‘नो सूनर’ अनेकांना ‘व्हेन’बरोबर वापरावेसे वाटते, कारण मराठीत ‘पोहोचतो न पोहोचतो तोच गाडी सुटली’ असे ‘तोच’ येते. ‘सूनर’ हे तुलनेचे रूप आहे, आणि तुलना आली की ‘पेक्षा’ हवा, म्हणजे ‘दॅन’. एवढे लक्षात ठेवले की पाठांतराची गरज उरत नाही. ‘हार्डली’मध्ये तुलना नाही, म्हणून तेथे ‘व्हेन’.

पण माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक ‘की’ची आहे, कारण तिच्यामुळे वाक्य नुसते अशुद्ध होत नाही, तर अर्थच बदलतो. मराठीत ‘की’च्या पुढे बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात : ‘भाऊ म्हणाला की मी आजारी आहे’ यात आजारी भाऊच असतो. याचे ‘माय ब्रदर सेड दॅट आय ॲम इल’ केले की आजारपण भावाकडून लिहिणाऱ्याकडे येते. ‘दॅट’ लिहिताच पुढची सर्वनामे सांगणाऱ्याच्या जागेवरून मोजावीत आणि काळ मागे न्यावा : ‘माय ब्रदर सेड दॅट ही वॉज इल’. प्रश्नवाचक शब्द असेल तर ‘दॅट’ मुळीच घेऊ नये. ‘त्याने विचारले की तू कुठे चालला आहेस’ याचे शुद्ध रूप ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग’ असे होते.

आता शब्दयोगी अव्यये. येथे आधी एक भ्रम सोडून द्यावा लागतो : ‘वर म्हणजे ऑन, मध्ये म्हणजे इन, ने म्हणजे बाय’ असे समीकरण कोठेच नाही. एकट्या ‘ने’कडे पाहावे. ‘बसने आलो’ येथे ‘बाय बस’, आणि तेही उपपदाशिवाय. ‘चाकूने कापले’ येथे ‘विथ अ नाइफ’. ‘शाईने लिहिले’ येथे ‘इन इंक’. ‘भुकेने मेला’ येथे ‘ऑफ हंगर’. करणारी व्यक्ती असेल तर ‘बाय’ आणि हातातले साधन असेल तर ‘विथ’, एवढा भेद नियमाने शिकता येतो. बाकीचे शब्दाबरोबरच शिकावे लागते.

वेळेच्या बाबतीत मराठी उदार आहे. ‘सकाळी’, ‘सोमवारी’, ‘दुपारी’, ‘रात्री’ या साऱ्यांना एकच ईकार पुरतो. इंग्रजी मात्र काळाच्या आकाराप्रमाणे शब्द बदलते : घड्याळातल्या नेमक्या क्षणाला ‘ॲट’, दिवसाला किंवा तारखेला ‘ऑन’, महिना, वर्ष अशा मोठ्या कालखंडाला ‘इन’. महाराष्ट्र राज्याची स्थापना ‘ऑन 1 मे 1960’ झाली; तारीख न सांगता नुसते वर्ष सांगायचे तर ‘इन 1960’. ‘इन द मॉर्निंग’ पण ‘ॲट नाइट’ हा अपवाद तसाच स्वीकारावा, आणि ‘काल रात्री’साठी ‘यस्टर्डे नाइट’ऐवजी ‘लास्ट नाइट’ लिहावे.

‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या दोघांनी मिळून जितके अर्ज बिघडवले आहेत तितके दुसऱ्या कोणी बिघडवले नसतील. ‘तीन वर्षांपासून’ आणि ‘2015 पासून’ या दोन्हींत मराठी ‘पासून’च वापरते, म्हणून ‘सिन्स थ्री इयर्स’ लिहिले जाते. आरंभबिंदू सांगायचा तर ‘सिन्स’ आणि कालावधीची लांबी सांगायची तर ‘फॉर’ : ‘सिन्स 2015’, पण ‘फॉर थ्री इयर्स’. काम अजून चालू असेल तर क्रियापदही ‘आय ॲम वर्किंग’ न राहता ‘आय हॅव बीन वर्किंग’ असे होते. ‘पर्यंत’मध्येही असाच दुहेरी अर्थ लपलेला आहे. ‘पाच वाजेपर्यंत बसा’ यात बसण्याची क्रिया पाचपर्यंत चालू राहते, तेथे ‘टिल फाइव्ह’. ‘पाच वाजेपर्यंत अर्ज द्या’ यात अर्ज एकदाच द्यायचा आहे, फक्त मुदत सांगितली आहे, तेथे ‘बाय फाइव्ह’. ‘सबमिट द फॉर्म टिल फाइव्ह’ याचा शब्दशः अर्थ पाच वाजेपर्यंत फॉर्म देतच राहा असा होतो.

वाहनांबाबत ‘रिक्षात’ आणि ‘बसमध्ये’ हे मराठीला सारखेच. इंग्रजीत जेथे उभे राहता येते, चालता येते, अशा सार्वजनिक वाहनाला ‘ऑन’ लागते : ‘ऑन द बस’, ‘ऑन द ट्रेन’. जेथे वाकून शिरावे लागते तेथे ‘इन’ : ‘इन अ कार’, ‘इन अ रिक्षा’. ‘ऑन अ रिक्षा’ म्हटले तर वाचणाऱ्याला टपावर बसलेला माणूस दिसू शकतो.

मराठी विभक्ती इंग्रजीत ओढून आणल्यामुळे जी अव्यये विनाकारण वाढतात, त्यांची जात वेगळी आहे. ‘विषयावर चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट’, ‘मुंबईला पोहोचलो’ म्हणून ‘रीच्ड टू मुंबई’, ‘तिच्याशी लग्न केले’ म्हणून ‘मॅरीड विथ हर’, ‘घरी गेलो’ म्हणून ‘वेंट टू होम’. या सर्व ठिकाणी मधला शब्द काढून टाकावा. गोंधळ वाढतो तो याच शब्दांची नामे झाली की अव्यय परत येते म्हणून : ‘वी डिस्कस्ड द बजेट’ पण ‘अ डिस्कशन ऑन द बजेट’, ‘आन्सर द क्वेश्चन’ पण ‘ॲन आन्सर टू द क्वेश्चन’. म्हणून अडल्यास आधी तो शब्द क्रियापद आहे की नाम, हे पाहावे. उलट्या दिशेच्या चुका कमी, पण आहेत : ‘गाणे ऐक’मध्ये प्रत्यय नाही म्हणून ‘लिसन द साँग’ होते, तेथे ‘लिसन टू’ हवे, ‘मला समजाव’चे ‘एक्स्प्लेन मी’ होते, तेथे ‘एक्स्प्लेन इट टू मी’ हवे. ‘पेक्षा’साठी ‘दॅन’ हाताशी असले तरी ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’ आणि ‘प्रिफर’ यांच्यापुढे ‘टू’च येते.

हे सारे मनमानी वाटते, आणि बरेचसे आहेही. पण आपण ‘कुत्र्याला’ भितो, मुला‘वर’ रागावतो आणि शेजाऱ्या‘शी’ भांडतो, यात तरी कोणता तर्क आहे? मराठी शिकणाऱ्या अन्यभाषकाला तेही क्रियापदाबरोबर पाठ करावे लागते. म्हणून वहीत ‘ॲट’, ‘इन’, ‘ऑन’ अशी पाने न करता ‘अँग्री विथ’, ‘गुड ॲट’, ‘डिपेंड ऑन’ अशी जोडपी लिहावीत, आणि प्रत्येकापुढे मराठीत कोणता प्रत्यय येतो तेही लिहावे. ‘गणितात हुशार’ आणि ‘गुड ॲट मॅथ्स’ शेजारी-शेजारी दिसले की ‘गुड इन’ लिहिताना हात अडखळतो.

सरावासाठी रजेचा अर्ज उत्तम. ‘आय ॲम सफरिंग विथ फीव्हर सिन्स थ्री डेज. ॲज डॉक्टर हॅज गिव्हन ॲन ॲडव्हाइस टू टेक रेस्ट, सो काइंडली ग्रँट मी लीव्ह टिल मंडे. आय विल सबमिट मेडिकल सर्टिफिकेट टिल ट्यूजडे.’ येथे ताप ‘विथ’ऐवजी ‘फ्रॉम’ मागतो, तीन दिवस ‘फॉर’ मागतात आणि क्रियापद ‘हॅव बीन सफरिंग’ होते. ‘ॲज’ असताना ‘सो’ गळते. ‘माय डॉक्टर हॅज ॲडव्हाइज्ड रेस्ट’ म्हटले की उपपदाचे दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. प्रमाणपत्र मोजता येते म्हणून ‘अ मेडिकल सर्टिफिकेट’, आणि ते एकदाच द्यायचे असल्याने ‘बाय ट्यूजडे’. ‘लीव्ह टिल मंडे’ मात्र व्याकरणाने बरोबर आहे, कारण रजा तोवर चालू राहते. फक्त सोमवार रजेत धरला आहे की नाही हे त्यातून स्पष्ट होत नाही, म्हणून कार्यालयाला लिहिताना ‘अप टू अँड इन्क्लुडिंग मंडे’ असे लिहावे.